टर्न इट ऑफ
आज लातूरला क्लासमध्ये दहावीच्या पोरांना इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'टर्न ऑफ'सारखी छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं, शिकवत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ' बी चालतं, मग 'टर्न ऑफ इट' का नाही?" किती नेमका प्रश्न! सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: टर्न इट ऑफ. 'लुक आफ्टर' (काळजी घेणं) मात्र फुटत नाही, तिथं 'लुक आफ्टर हिम'च. कारण 'ऑफ' इथं क्रियाविशेषण आहे आणि 'आफ्टर' शब्दयोगी अव्यय. गाइडमधून नुसत्या अर्थांच्या याद्या पाठ करून घेतात, याचा मला खरंच राग येतो. 'देऊन टाक', 'पडून ऱ्हा' असं घरात बोलणाऱ्या पोरांना जोड लागली की क्रियापद कसं वळतं, हे कळतंच की! उद्या 'पुट अप विथ' (सहन करणं) घेणार. त्यात क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय दोन्ही एकदम येतात.