शुगर तपासतो, पण मेंदूतली

आई गल्लीत सगळ्यांना सांगते, पोरगा लंडनला शुगर तपासतो. एकतर हे लंडन नाही, केंब्रिज आहे, आणि शुगर रक्तातली नाही, मेंदूतली. पण अगदीच चूक पण नाही तिचं.

डोक्याला जबर मार लागलेले पेशंट इथे आयसीयूत येतात, त्यातल्या काहींच्या मेंदूत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जाड नळी ठेवतात, तिच्यातून मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर खारं पाणी फिरतं, म्हणजे तासाचे १८, अर्धा थेंबसुद्धा नाही! ते पाणी जाताजाता मेंदूतलं थोडंथोडं टिपून घेतं आणि एका इवल्याशा कुपीत जमतं. दर तासाला नर्स ती कुपी बदलते आणि मशीनला लावली की ग्लुकोज म्हणजे साखर, आणि पेशी ती वापरते तेव्हा बनणारे लॅक्टेट, पायरुवेट, सगळं कळतं. पहिल्यांदा कुपी हातात आली तेव्हा मला रिकामीच वाटली, उजेडाकडे धरल्यावर कुठे तळाशी काहीतरी चमकलं.

माझ्या चुलतभावाचा पारोळा रोडला ॲक्सिडेंट झाला होता (हेल्मेट होतं की, आरशाला लटकवलेलं). पहिल्या दिवशी बोलत होता, दुसऱ्या रात्री एकदम बिघडला. आता बरा आहे, फक्त चिडतो लवकर आणि नावं विसरतो. तेव्हा आम्हाला कळेचना की बोलता माणूस असा कसा गेला खाली. मार रस्त्यावर लागतो पण आतलं नुकसान पुढे कितीतरी दिवस चालू राहतं, सूज, प्रेशर, आणि पेशींची उपासमार. बोटातून रक्त काढलं तर शुगर नॉर्मल आणि मेंदूत मात्र तळाला, असं पण होतं, म्हणून इन्सुलिन देऊन रक्तातली शुगर फार दाबायची नाही.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "मंग तुम्ही वरतून साखर का नई टाकतस?" मी हसणार होतो, पण प्रश्न बरोबर होता. अडचण अशी की काही पेशंटमध्ये साखर पोचते, ऑक्सिजन पोचतो, तरी लॅक्टेट भागिले पायरुवेट २५ च्या वरच. म्हणजे पेशीतली चूल, मायटोकॉन्ड्रिया, तीच पेटत नाही, ओली पऱ्हाटी घातल्यासारखा नुसता धूर. म्हणून इथे त्याच नळीतून सक्सिनेट, म्हणजे त्याच चुलीला चालणारं दुसरं जळण, सोडून बघतात, ते बिघडलेल्या टप्प्याला वळसा घालून पुढे शिरतं. त्याने आकडा खाली येतो हे दिसलंय, माणूस जास्त बरा होतो का ते अजून सिद्ध व्हायचंय.

आईला रेशो-बिशो नाही कळला, चूल लगेच कळली.

"मंग फुंकनी मार ना भो."

तीच शोधतोय गं, म्हटलं.