भावबीजेच्या दिवशी फातोर्ड्याला

"गोव्याक? कोण आजारी आसा?"

हा आमच्या गोलकीपरच्या आजीचा पहिला प्रश्न. वेंगुर्ला तालुक्यात राहणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. आमच्याकडे गोव्याला जायचं ते बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात. अपघात झाला, हार्टचं काही निघालं, बाळंतपण अडलं, की गाडी बांद्याच्या दिशेने सुटते. मुलींना फुटबॉलचा सामना दाखवायला नेतेय, हे आजींच्या गळी उतरेपर्यंत माझ्यासमोरचा चहा निवला होता.

गोष्ट २०२२ ची. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होता, ११ ते ३० ऑक्टोबर. संघ सोळा, मैदानं तीन: भुवनेश्वर, नवी मुंबई आणि मडगावचं फातोर्डा. आमच्या गावापासून फातोर्डा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. विभागीय स्पर्धेला आम्ही घाट चढून कोल्हापूरला जातो, त्याहून जवळ.

मी गणित शिकवते. खेळाचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि मुलींचा फुटबॉल माझ्या गळ्यात पडला. मुली सरांनीच तयार केलेल्या. मी शिट्टी वाजवते आणि किनाऱ्यावरची कुत्री हाकलते. शाळेला मैदान आहे, पण कातळाचं. पडलं की गुडघा सोलून निघतो. म्हणून सराव समुद्रावर, आणि सरावाची वेळ ठरवते सुकती. अवसे-पुनवेच्या मागेपुढे संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी लांब जातं, ओली वाळू टणक होते, चेंडू नीट उसळतो. अष्टमीला त्याच वेळी भरती, मग सुट्टी. त्यामुळे आमच्या मुलींना तिथी तोंडपाठ असतात. ही गोष्ट पुढे माझ्यावरच उलटली.

त्याआधी स्पर्धाच हातची जायची वेळ आली होती. १५ ऑगस्टचं झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. महासंघाचा कारभार सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या प्रशासक समितीकडे होता आणि असा बाहेरचा हात फिफाला चालत नाही. निलंबन टिकलं असतं तर विश्वचषक भारतातून गेला असता. आधीच २०२० ची स्पर्धा कोविडमुळे पुढे ढकलून शेवटी रद्द झालेली, तिच्या बदल्यात ही मिळालेली. आमची कॅप्टन म्हणाली, "बाई, आपण जायचं ठरवलं ना, म्हणून झालं हे." २६ ऑगस्टला निलंबन उठलं आणि ३१ ला गणपती आले. पैसे गोळा करायला याहून चांगला आठवडा कोकणात नाही. घराघरात चाकरमानी, खिसे सैल. आरती झाली की मी वही पुढे करायची. मुंबईहून आलेल्या एका काकांनी विचारलं, "आपल्या मुली खेळणार आहेत?"

"नाही, बघणार आहेत."

"नुसतं बघायला गाडी?" असं म्हणून त्यांनी हजार रुपये दिले, आणि वहीत नाव लिहू नका म्हणाले. का, ते त्यांच्या बायकोला माहीत असेल.

साखळी सामन्यांच्या दिवसांत आमची सहामाही परीक्षा, तेव्हा ते बादच. सुट्टी लागल्यावर राहत होत्या सेमीफायनल. २६ ऑक्टोबर, बुधवार, दोन्ही फातोर्ड्यालाच: पहिली साडेचारला, दुसरी रात्री आठला. एका गाडीखर्चात दोन सामने, हा हिशेब मला फारच आवडला. शाळेच्या टाकीवर चढून, जिथे नेट धरतं तिथे, मी ऑनलाइन तिकिटं काढली. पहिल्या खेपेला बँकेतून पैसे कापले गेले आणि तिकिटं आलीच नाहीत; ते पैसे आठ दिवसांनी परत आले. दुसऱ्या खेपेला जमलं. खाली उतरून मुलींना तारीख सांगितली, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाई, २६ ला भावबीज."

२४ ला लक्ष्मीपूजन, २५ ला सूर्यग्रहण, आणि पाडवा-भावबीज दोन्ही एकाच दिवशी २६ ला. गणिताच्या बाईने पंचांग उघडलंच नव्हतं.

मुख्याध्यापकांनी दोन मिनिटांत हात वर केले. सुट्टीत शाळेची सहल निघत नाही, परवानगीसाठी वर कागद पाठवला तर नाहीच येणार, तेव्हा तुम्ही खासगी न्या आणि शाळेचं लेटरहेड वापरू नका. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांनी निदान खोटी आशा लावून फिरवलं नाही.

मग उरली तेरा घरं. मी पहिलं संमतीपत्र लिहिलं त्यात होतं, "परत येण्याची वेळ: रात्री उशिरा." त्यावर तीन सह्या आल्या. कॅप्टनच्या वडिलांनी कागद परत दिला. "बाईनू, उशिरा म्हणजे किती? लोक काय म्हणतले?" घरी येऊन कागद पुन्हा लिहिला. निघण्याची वेळ साडेदहा, परतीची दीड. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, कोणाला कसली ॲलर्जी, कोणाची गोळी चालू आहे, आणि शेवटी एक ओळ: रात्री मुलीला दारात उतरवून कोणाच्या ताब्यात द्यायचं, त्याचं नाव आणि सही. ह्या शेवटच्या ओळीने काम केलं. तुम्ही कधी असं काही करणार असाल तर ती घाला. आणखी पाच सह्या मिळाल्या.

उरलेल्या पाच मिळाल्या त्या आमच्या लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डाव्या बाजूने बचाव करणाऱ्या मुलीच्या, आईमुळे. ती वेंगुर्ल्याच्या बाजारात मासे विकते. भर बाजारात, हातातली सुरी न थांबवता ती दुसऱ्या एका आईला म्हणाली, "मी येतंय त्येंच्या वांगडा. आता काय?" आता काहीच नव्हतं. भावबीजेचा तोडगाही तिचाच. ओवाळणी पहाटे उरकायची. तेरा घरांतले भाऊ सहाला आंघोळ करून पाटावर बसले पाहिजेत. एका घरातला नऊ वर्षांचा भाऊ काही केल्या बधेना. ताई नसेल तर फटाके कोण लावणार, म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला सोबत घेतला. एक तिकीट जास्त.

आणि तिचा स्वतःचा मुलगा? तो बोटीवर खलाशी. बोट पहाटे तीनला सुटणार आणि परत यायला रात्र. "त्येका रात्री ओवाळतलां चेडू," एवढंच ती म्हणाली.

मधल्या काळात ११ तारखेला भारत अमेरिकेकडून आठ-शून्यने हरला. पुढे मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोल खाल्ले, आणि भारत साखळीतच बाहेर. गावात दोघा-तिघांनी मला अडवून विचारलं, आता कशाला जाताय? आमच्या मुलींना आठ-शून्यचं नवल नव्हतं. विभागाला आम्ही तेवढेच खाल्ले होते. त्यांच्या डोक्यात दुसरीच गोष्ट बसली होती. भारताची कॅप्टन अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता करायला घेतला आणि त्या रस्त्यावर तिचेच आईवडील मजुरी करत होते, ही बातमी मुलींनी वर्गात मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मागून एकीने विचारलं, "रस्तो झालो काय पण?"

२५ च्या ग्रहणाने स्वयंपाकाचे बारा वाजवले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला लागलं आणि सूर्य ग्रासलेलाच समुद्रात बुडाला. ग्रहणात चूल पेटवायची नाही, म्हणून प्रवासाच्या घावन-चटणीचं पीठ रात्री नऊनंतर भिजलं. सकाळी मुली आल्या त्या कपाळावर ओला कुंकवाचा टिळा आणि डोळ्यांत झोप घेऊन. गाडी सतरा सीटरची. ड्रायव्हर गोव्याला नेहमी जाणारा, त्यामुळे परवान्याचे कागद तयार होते. तो नेहमी कोणाला नेतो, ते सांगायला नको.

सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी. पत्रादेवीला मी १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच सात जणी झोपल्या. पणजी ओलांडून बांबोळी आलं तेव्हा मात्र सगळ्या जाग्या. एकीने खिडकीतून बोट दाखवलं, "थयसर माझो आजो होतो." दुसरीने हात जोडले. तेरापैकी सहा जणी याआधी गोव्यात आल्या होत्या, आणि सहाही जणी इथपर्यंतच.

आगशीला गाडी थांबली ती थांबलीच. झुआरीचा नवा पूल तेव्हा उघडला नव्हता. तो त्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस उघडला. सगळी वाहतूक जुन्या पुलावरून. शेजारी नवा पूल कोरा करकरीत उभा, आणि आम्ही जुन्यावर मुंगीच्या पावलाने. दोन वाजले, अडीच झाले. एका मुलीला नेमकी तिथेच पाळी आली. मासेवाल्या ताईंनी आपली पिशवी उघडली. फराळाखाली त्यांनी पॅड, जुनी चादर, गोळ्या, सगळं भरलं होतं. मागच्या सीटवर चादर आडवी धरून काम झालं. माझ्या सामानाच्या यादीत गोलकीपरचे हातमोजे होते, जे तिला बघायला लागणारच नव्हते.

फातोर्ड्याला पोहोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या घावने, लाडू, चकल्या संपवल्या आणि आत पळालो.

पायऱ्या चढून वर आलं की एकदम हिरवं दिसतं. टीव्हीवर हिरवं दिसतं तसं ते नव्हतं. आमची कॅप्टन पुटपुटली, "ह्या गवतार पडला तर लागाचाच नाय."

नायजेरिया विरुद्ध कोलंबिया. मला वाटलं होतं मुली ओरडतील, नाचतील. त्या परीक्षेला बसल्यासारख्या गप्प. टीव्ही चेंडूमागे फिरतो, त्यामुळे चेंडू दुसऱ्या टोकाला असताना बाकीच्या काय करतात ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं. लेफ्ट बॅक पहिला हाफ फक्त लेफ्ट बॅककडे बघत होती. "बाई, ती उभीच राहात नाही. चेंडू तिकडे आहे तरी ही दोन पावलं आत, दोन पावलं मागे." गोलकीपरचा शोध वेगळा: गोलकीपर सामनाभर बोलत असते. आमची मुकी. सरांनी तिला अडवायला शिकवलं होतं, ओरडायला नाही.

कोलंबियाच्या लिंडा कैसेडोबद्दल मी वाचून गेले होते. वय सतरा. पंधराव्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन, त्यातून उठून परत मैदानात. त्याच २०२२ मध्ये ती मोठ्यांच्या संघातून कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा, खेळली, वीस वर्षांखालचा विश्वचषक खेळली आणि आता हा. हे मी मध्यंतरात सांगितलं. दहावीतल्या मुलीने विचारलं, वयाची अट काय आहे? १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतरचा जन्म. तिने बोटांवर मोजलं. "मी २००७ ची. म्हणजे मी बसले असते." कोणी हसलं नाही.

शून्य-शून्य. या वयोगटात जादा वेळ देत नाहीत, नव्वद मिनिटांनंतर थेट पेनल्टी. आता मात्र आमच्या मुलींना कंठ फुटला. पेनल्टीला जी जाईल तिच्या बाजूने त्या ओरडत होत्या, मग ती कुठल्याही देशाची असो. गोलकीपर एकटी उलटी: ती दोन्ही गोलकीपरांच्या बाजूने. कोलंबिया ६-५ ने जिंकून पहिल्यांदाच फायनलला गेली. नऊ वर्षांचा भाऊ खुर्चीवर उभा राहून नाचत होता; फटाक्यांचं नावही त्याने काढलं नाही.

दुसऱ्या सामन्याला जर्मनी आणि २०१८ चा विजेता स्पेन. खेळ पहिल्यापेक्षा सफाईचा, पण माझं लक्ष घड्याळाकडे. इथे पेनल्टी झाल्या तर दीडचे दोन होणार, आणि मी तेरा घरांत दीड लिहून दिलेलं. नव्वदाव्या मिनिटाला लुसिया कोरालेसने गोल केला. एवढा आनंद मला आयुष्यात कुठल्या गोलचा झाला नसेल, आणि तो संपूर्णपणे वाहतुकीच्या कारणासाठी होता. (फायनल नवी मुंबईला. तीही स्पेननेच घेतली, एक-शून्य, कोलंबियाच्या स्वयंगोलवर. ती आम्ही शाळेच्या टाकीवर बसून मोबाइलवर बघितली.)

परतताना पूल मोकळा होता. बांद्यापासून पुढे एकेक दार. प्रत्येक दारात दिवा चालू, ज्याची सही होती तो माणूस उभा. कॅप्टनच्या वडिलांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं, एक पंचवीस, आणि मान डोलावली.

सगळ्यात शेवटी लेफ्ट बॅकचं घर, खाडीच्या कडेला. अंगणात पाट मांडलेला, बाजूला रांगोळीची दोन बोटं, आणि पाटावर तिचा भाऊ भिंतीला टेकून झोपलेला. डोक्यावरची टोपी नाकापर्यंत आलेली, अंगाला अजून मासळीचा वास. ताईंनी घरात जाऊन निरांजन पेटवून आणलं. मुलीने त्याला हलवलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "कोण जिंकला?"

"स्पेन. पण दादा, त्यांची लेफ्ट बॅक बघूक व्हयी होतीस..."

आणि ताट एका हातात तसंच धरून ती त्याला अंगणात दाखवायला लागली, दोन पावलं आत, दोन पावलं मागे. ड्रायव्हरने हॉर्न दिला.