मारुती 800 : अर्ध्या दाताचा घोळ

गेले दहा दिवस इंजिन उघडून परत बांधायचं काम पुढे सरकलं नव्हतं, म्हणून काही लिहिलं नाही. काल रात्री अडकलेली गोष्ट सुटली.

आधी कुठवर आलो ते सांगतो. गाडी वडिलांची, कार्बुरेटरवाली मारुती 800. म्हणजे 796 सीसी, तीन सिलिंडर, वर एकच कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, आणि खालच्या क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो दांडा) तो फिरवायला दातांचा टायमिंग बेल्ट. ब्लॉकचं बोअरिंग म्हापशाला करून आणलं. डिचोलीत पावसाळ्यात इंजिन उघडं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. होनिंग केलेल्या, म्हणजे आतून बारीक घासलेल्या, बोअरवर तेलाचा हात फिरवायला एक संध्याकाळ विसरलो, तर सकाळी तांबूस छटा. ती निघाली, पण तेव्हापासून झोपण्याआधी बोअरला तेल लावतो. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड, सगळं बसलं. राहिला टायमिंग बेल्ट. हे अर्ध्या तासाचं काम, असं मी धरून चाललो होतो.

क्रँकच्या छोट्या पुलीवरची पंचची खूण ऑइल पंपावरच्या बाणासमोर आणली, अगदी केसाच्या रेषेवर. वर कॅमच्या पुलीची खूण आतल्या कव्हरवरच्या खुणेसमोर यायला हवी. ती अर्धा दात मागे. बेल्ट काढून एक दात पुढे घेतला, तर अर्धा दात पुढे. परत मागे घेतला, परत तेच.

बेल्ट पूर्ण दातानेच सरकतो, अर्ध्याने नाही. म्हणजे हा बेल्ट चुकीच्या दातावर बसवल्याचा घोळ नव्हे. एवढं माझ्या डोक्यात यायला दोन संध्याकाळी गेल्या. तोवर मी नुसता बेल्ट काढत आणि घालत होतो.

पहिला संशय हेडच्या फेसिंगवर. हेड घासलं की कॅम खाली येतो आणि टायमिंग किंचित मागे पडतं, हे खरं. पण माझ्या हेडचं फेसिंग 0.15 मिमी. व्हर्नियर लावला तर अर्धा दात 4 मिमीच्या वर भरतो. हिशोब जुळेना.

दुसरा संशय ढिलाईवर, आणि इथे माझी खरंच चूक होती. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायचे, स्क्रू आवळलेलेच होते. त्यामुळे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत राहतात, तो आपोआप झटका खाऊन सरकतो आणि बेल्टची ढिलाई टेन्शनरच्या (बेल्ट ताणणाऱ्या पुलीच्या) बाजूला न राहता ताणाच्या बाजूला जाते. सगळे स्क्रू पूर्ण मागे घेतले. कॅम बोटाने फिरू लागला. टेन्शनर मोकळा सोडून क्रँक घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवला आणि मगच बोल्ट आवळला. कॅमचा झटका गेला, अर्धा दात तसाच.

तिसरा संशय क्रँकच्या चावीवर, म्हणजे पुलीला क्रँकवर सरकू न देणाऱ्या तुकड्यावर. पुली उतरवली. चावी सरळ, खाचेत घट्ट, कडा शाबूत.

मग ठरवलं, खुणा बाजूला ठेवायच्या आणि पिस्टनलाच विचारायचं. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) बघतात तशी बघून इथे भागत नाही. 72 मिमीच्या स्ट्रोकला टीडीसीपासून क्रँक 5 अंश फिरला तरी पिस्टन 0.2 मिमीसुद्धा उतरत नाही. हाताला कळणार काय? म्हणून जुन्या प्लगचं पोर्सिलीन फोडून काढलं, आत टोक गोल केलेला बोल्ट पक्का बसवला आणि तो प्लग पहिल्या सिलिंडरमध्ये आवळला. क्रँकवर 360 अंशांची छापलेली चकती आणि ब्लॉकवर तारेचा काटा. बेल्ट काढलेला, टॅपेट मोकळे, त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद. पाना अगदी हलक्या हाताने फिरवायचा. पिस्टन बोल्टला टेकला की चकतीवर रेघ, मग उलटा फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला की दुसरी. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी. तीनदा केलं, तिन्ही वेळा एका अंशाच्या आत तेच. काटा तिथे शून्यावर आणला आणि बोल्ट काढून घेतला.

मग बेल्ट आधीच्याच दातावर चढवला, पहिल्या सिलिंडरचे टॅपेट गेज घालून लावले आणि क्रँक फिरवत ओव्हरलॅपवर आणला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटतोय, इनटेक उघडतोय, तो क्षण. चकती शून्यावर असताना दोन्ही व्हॉल्व्ह जवळजवळ सारखे, जेमतेम उघडे. ताळा म्हणून बेल्ट एक दात पुढे घेऊन तेच पाहिलं. आता इनटेक स्पष्ट जास्त उघडा आणि एक्झॉस्ट केव्हाच मिटलेला. म्हणजे पहिला दातच बरोबर होता. कॅम आणि क्रँक एकमेकांशी जुळलेले होते. चुकत होती ती कव्हरवरची खूण.

शेजारचे काका, आयुष्यभर मेस्त्रीपण केलेले, चहा घेऊन आले होते. हे सांगितल्यावर त्यांनी कव्हर बोटांनी धरून हलवलं. ते हललं.
"हाचो नळो खंय?" त्यांनी विचारलं.

कव्हरच्या वरच्या बोल्टच्या भोकात धातूची छोटी नळी असते. ती नसली की भोक मोठं पडतं आणि कव्हर खालच्या बोल्टवर तिरकं फिरतं. वरच्या भोकात दोनेक मिमीची जागा, पण खूण त्याहून लांब, म्हणून तिथे 4 मिमी सरकलेली. नळी मीच रॉकेलमध्ये धुताना हरवली होती. रॉकेलच्या ट्रेच्या तळाशी काळ्या गाळात हात घालून चाचपलं आणि ती सापडली. मला इतका आनंद नव्या रिंगा आल्या तेव्हाही झाला नव्हता.

नळी बसवली, कव्हर आवळलं, दोन फेरे फिरवले. वर रेषेला रेष, खाली पंचला बाण.

कोणाची कॅमची खूण अर्धा दात चुकत असेल तर बेल्ट परत काढण्याआधी आतलं कव्हर हलवून बघा आणि त्याच्या नळ्या मोजा.

उरलेल्या दोन सिलिंडरचे टॅपेट आज रात्री. मग प्लग काढून स्टार्टरवर फिरवून ऑइल प्रेशर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बुरेटर. चवथीच्या आधी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजाराला याच गाडीने जायचं ठरवलंय, आणि वडील पुढच्या सीटवर बसणार आहेत.