सायक्लोन कोणता घ्यावा, असे विचारलेत म्हणून

पुण्यात सहकारनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये, जिथे मी लाकूडकाम करतो, येऊन तिथला पत्र्याचा उंच शंकू पाहून गेलेला जवळपास प्रत्येक जण नंतर फोनवर एकच प्रश्न विचारतो: "घरच्या वर्कशॉपसाठी सायक्लोन डस्ट कलेक्टर कोणता घ्यावा?" सायक्लोन म्हणजे मशीनमधून ओढलेल्या हवेतला भुसा वेगळा करणारा तो शंकू. प्रश्न रास्त आहे, पण सायक्लोन ही या व्यवस्थेत अगदी शेवटी ठरवायची गोष्ट आहे, असे माझे मत असल्यामुळे माझे उत्तर दुसऱ्याच टोकापासून सुरू होते. आधी मशीन, त्यावरून पाइप, पाइपावरून पंखा आणि मग फिल्टर. हे ठरले की सायक्लोन कोणता हवा, यात निवडीला फारसा वाव उरत नाही.

सायक्लोन नेमके काय करतो, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. धुळीने भरलेली हवा नळकांड्यात कडेने, स्पर्शरेषेच्या दिशेने शिरते आणि गोल फिरू लागते. जड कण भिंतीकडे फेकले जातात, भिंतीशी घासत वेग गमावून शंकूतून खाली पिंपात पडतात, आणि हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. रंध्याचे छिलके आणि करवतीचा भुसा यांतला बहुतेक सारा माल असा खाली उतरतो. मात्र जी धूळ फुप्फुसात खोलवर जाते, ती काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ भिंतीपर्यंत पोहोचण्याइतकी जड नसतेच, आणि ती हवेबरोबर बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला, तो प्रामुख्याने नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगामुळे. सागवानाच्या भुशाने हातांना खाज सुटते, हे तर कोणताही मिस्त्री सांगेल. तेव्हा सायक्लोन हे आरोग्याचे कवच नव्हे; तो फिल्टर लवकर तुंबू देत नाही, एवढेच त्याचे काम, आणि ते तो उत्तम करतो.

आता मशीनकडे वळू. तुमच्याकडे ऑर्बिटल सँडर, हातातली सर्क्युलर सॉ आणि राउटर एवढेच असेल, आणि काम बाल्कनीत किंवा गच्चीवर चालत असेल, तर मोठ्या डस्ट कलेक्टरचा विचार सोडून द्यावा. या हत्यारांची तोंडे अरुंद असतात. त्यातून हवा ओढायला जास्त दाब आणि बेताचा प्रवाह लागतो, आणि नेमके तेच वर्कशॉपचा व्हॅक्यूम क्लीनर देतो: हवा १०० ते १२५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट, आणि ओढ पाण्याच्या ६० इंचांच्या पुढे, म्हणजे पाण्याचा तेवढा उंच स्तंभ वर खेचण्याइतकी. हत्यार आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन आणि खाली बादली बसवली की काम झाले. फक्त ती बादली रंगाची रिकामी २० लिटरची असेल, तर होज तुंबताच ती आत चेपते. हिशेब सोपा आहे: ६० इंचांच्या दाबाने ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर शंभर किलोंहून अधिक भार येतो. म्हणून एकात एक अशा दोन बादल्या घालाव्यात किंवा आतून प्लायवूडची कडी बसवावी.

टेबल सॉ आणि थिकनेसर (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारे मशीन) असतील, तर गणित पूर्ण बदलते. तिथे दाब कमी चालतो, पण हवा भरपूर हवी. भुसा आडव्या पाइपात न साचता वाहत राहायचा, तर हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४,००० फूट असावा लागतो. या वेगाने चार इंची पाइपातून ३५० सीएफएम हवा जाते आणि सहा इंचीतून ७८५. थिकनेसरला आणि नीट झाकलेल्या टेबल सॉला दुसरा आकडा लागतो, त्यामुळे मुख्य लाइन सहा इंचीच असावी. आपल्याकडे त्यासाठी खास डक्ट शोधत बसण्याची गरज नाही. प्लंबिंगच्या कोणत्याही दुकानात मिळणारा १६० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप, म्हणजे सांडपाण्याचा, या कामाला चांगला चालतो, आणि ११० मिलिमीटरचा शाखांना. काटकोनी बेंडाऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड जोडावेत. एक बेंड मात्र दाराचा घ्यावा. संडासाच्या लाइनसाठी बनवलेले ते स्क्रूचे दार थिकनेसरचे छिलके अडकल्यावर उघडून हात घालता येतो, आणि त्याचे रबर नीट बसवले तर हवाही गळत नाही. लवचिक होज शक्य तितका तोकडा ठेवावा, कारण त्याच्या वळ्यांमुळे हवेला गुळगुळीत पाइपापेक्षा कितीतरी जास्त अडथळा होतो.

पंख्याबाबत सर्वांत जास्त फसगत होते, आणि तिचे कारण आपल्या भिंतीतल्या विजेत आहे. परदेशी व्हिडिओ पाहून लोक बारा इंची इम्पेलर, म्हणजे पंख्याचे पात्यांचे चाक, मागतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथली मोटर मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेते. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तशीच मोटर २,८८० च्या आसपास फिरते. पंख्याचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, तर दाब त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तोच इम्पेलर इथे सुमारे १७ टक्के कमी हवा आणि ३० टक्के कमी दाब देतो. तो दाब भरून काढायला इम्पेलर साडेचौदा इंचांच्या जवळ न्यावा लागतो. त्यात सायक्लोन स्वतःच पाण्याचे दोन-चार इंच खातो, आणि दोन हॉर्सपॉवरच्या पंख्याकडे मुळात दहा-बारा इंचच असतात. म्हणून विक्रेत्याने बाराशे-पंधराशे सीएफएम सांगितले, की हा आकडा पाइप न लावता, उघड्या तोंडाने मोजलेला आहे का, असे विचारावे, आणि दाब व प्रवाह यांचा आलेख मागावा. आलेख देता येत नसेल, तर तो पंखा मी तरी घेणार नाही.

दोन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालू असताना दहा-अकरा अँपिअर ओढते आणि सुरू होताना त्याच्या कैकपट. तिला स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन आणि सी प्रकारचा, म्हणजे सुरू होतानाच्या झटक्याने पडणार नाही असा, एमसीबी हवा. टेबल सॉ त्याच लाइनवर नको. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही एकदा पाहून घ्यावा.

फिल्टरच्या प्रश्नात पुणेकरांना एक सवलत आहे. थंड देशांत खोलीतली उबदार हवा बाहेर घालवणे परवडत नाही, म्हणून तिथे ती गाळून परत आत सोडतात. आपल्याला ही सक्ती नाही. बंगल्याला चारी बाजूंनी जागा असेल, तर सायक्लोननंतरची हवा सरळ बाहेर सोडावी. फिल्टरचा खर्चही वाचतो आणि दाबही. सोसायटीत मात्र हा विचार करू नये, शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीची, पीठासारखी धूळ बसली की पुढचे सगळे संवाद समितीमार्फत होतात. तिथे घडीचा कार्ट्रिज फिल्टर घ्यावा, आणि "एक मायक्रॉन" एवढ्यावर समाधान न मानता त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, ते विचारावे. ३० मायक्रॉनची कापडी पिशवी असलेला कलेक्टर मोठा भुसा धरून ठेवतो आणि श्वासातून आत जाणारी धूळ खोलीभर उडवतो. सँडिंग करताना एन९५ मास्क यातल्या कोणत्याही व्यवस्थेत लागतोच.

आता सायक्लोन. उंच आणि निमुळता सायक्लोन धूळ अधिक चांगली वेगळी करतो. उद्योगांत अजूनही वापरल्या जाणाऱ्या स्टेअरमंड या अभियंत्याच्या १९५१ च्या प्रमाणांनुसार नळकांड्याची उंची व्यासाच्या दीडपट, शंकूची अडीचपट आणि वरच्या नळीचा व्यास निम्मा. सहा इंची लाइनला सुमारे अठरा इंच व्यास लागतो, म्हणजे एकट्या सायक्लोनची उंची सहा फूट. खाली दोन-अडीच फुटी पिंप आणि वर पंखा आला की आपल्या गॅरेजचे छत आडवे येते. मी पंखा डोक्यावर न ठेवता बाजूच्या भिंतीवर बसवला, त्यामुळे शंकू तोकडा करावा लागला नाही. तयार "कॉम्पॅक्ट" सायक्लोन घेण्यापेक्षा हाच मार्ग मला पटतो. भोसरीत पत्राकाम करणारे फॅब्रिकेटर मापे दिल्यास जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यात सायक्लोन वळवून देतात; आतला सांधा गुळगुळीत हवा आणि मधली नळी निदान इनलेटच्या, म्हणजे हवा आत शिरण्याच्या तोंडाच्या, खालच्या कडेपर्यंत उतरलेली हवी, एवढे त्यांना बजावून सांगावे.

पिंपाचे झाकण हवाबंद नसेल, तर हा सगळा खटाटोप वाया जातो, कारण खालून आत शिरलेली हवा पडलेला भुसा पुन्हा वर उचलून फिल्टरकडे नेते. भुसा आत जाण्याआधीच, पंखा चालू करून प्रत्येक सांध्याजवळ पेटती उदबत्ती फिरवावी; धूर आत ओढला गेला, की तिथे सीलंट. पिंप काठोकाठ भरू देऊ नये, म्हणून त्याला एक पारदर्शक पट्टी ठेवावी. २०० लिटरचा पिंप मला घरच्या कामासाठी मोठा वाटतो; भरला की तीस-चाळीस किलोंचा होतो आणि तो दोघांनी उचलावा लागतो. शंभर लिटरचा एकट्याने रिकामा करता येतो. साध्या लाकडाचा भुसा थोडाथोडा करून गच्चीवरच्या कंपोस्टात जिरतो, एमडीएफ आणि प्लायवूडचा मात्र त्यात घालू नये, कारण त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. तो वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.