चिपळूणच्या कोर्टापासून स्खिपोलपर्यंत: मुलीला घेऊन एकटीने जाताना लागलेले कागद

आमचे हे मर्चंट नेव्हीत आहेत, त्यामुळे घरातलं कुठलंही काम त्यांच्या साइन-ऑनच्या, म्हणजे बोटीवर रुजू होण्याच्या, तारखेच्या आत बसवावं लागतं. २०२५च्या मे महिन्यात मी ११ वर्षांच्या मुलीला घेऊन नेदरलँड्सला ताईकडे गेले. ती आम्स्टेलवेनला राहते. हे तेव्हा बोटीवर असणार हे आधीच ठरलेलं होतं. मूल एका पालकाबरोबर परदेशी जात असेल तर दुसऱ्याची लेखी संमती लागते, तीही नोटरी केलेली, हे मला व्हिसाची यादी वाचल्यावर कळलं. तोवर मार्च उजाडला होता आणि यांचं विमान १८ तारखेचं होतं. आमच्या गुहागरच्या बाजूच्या गावांत घरटी एक माणूस बोटीवर असतो, म्हणून जसं घडलं तसं सविस्तर लिहिते आहे.

१२ मार्चला, बुधवारी, सकाळच्या एसटीने आम्ही तिघं चिपळूणला गेलो. गुहागरपासून दीड तासाचा रस्ता. कोर्टाच्या आधी नगरपरिषदेत जाणं भाग होतं, कारण मुलीचा जन्मदाखला हातात नव्हता. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, म्हणून जन्माची नोंद चिपळूणची. मूळ दाखला माहेरच्या कपाटात ठेवला होता. २२ जुलै २०२१च्या पुरात त्या कपाटातलं काहीच वाचलं नाही. दाखला गेला तरी नोंद रजिस्टरात असतेच, त्यामुळे नवी प्रत मिळते. ती नमुना ५ची छापील, मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेलीच मागा आणि दोन-तीन प्रती घ्या. जुना हाताने लिहिलेला मराठी दाखला असेल तर परदेशी कामासाठी भाषांतराचा खर्च वाढतो.

नवी प्रत हातात आली आणि मी खिडकीपाशीच थबकले. आईच्या नावापुढे माझं माहेरचं नाव होतं. बाळंतपणात दवाखान्यात नाव सांगितलं माझ्या वडिलांनी, त्यांनी लेकीचं नाव सांगितलं ते जसंच्या तसं नोंदलं गेलं. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे. यांच्या नावातही फरक होता: दाखल्यावर फक्त नाव आणि आडनाव, पासपोर्टवर मधलं नाव धरून पूर्ण. माहेरी बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींच्या कागदांत ही गफलत असणार. काहींचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं, मग दाखल्यातली आई आणि पासपोर्टातली आई या कागदावर दोन वेगळ्या बायका होतात. आधी घरी बसून सगळे कागद एकाखाली एक ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. माझं हे राहून गेलं होतं, म्हणून एका कागदाचं काम दोन कागदांवर गेलं.

कोर्टाच्या आवाराबाहेर टायपिंगवाले आणि नोटरी ओळीने बसतात. फाटकाशीच एकाने विचारलं, काय काम आहे, शिक्का मारून देतो, साहेबांना आत यायचीही गरज नाही. त्याच्याकडे जाऊ नका. सही करणारा माणूस समोर हवा, त्याची ओळख पटवायला हवी, त्याने नोटरीच्या रजिस्टरातही सही करायला हवी आणि तो अनुक्रमांक कागदावर यायला हवा. नोटरीचा सगळा अर्थ तेवढ्यातच आहे. उद्या कुणी कागद तपासायला घेतला तर रजिस्टरात नोंद सापडली पाहिजे.

माझ्या दादाने नोटरी असलेल्या एका वयस्क वकीलबाईंचं नाव सुचवलं होतं. आमच्या आधी त्यांच्यापुढे एक तरुण बसला होता. त्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती आणि तो बाप असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याला करून हवं होतं. बाईंनी त्याला फार समजुतीने सांगितलं, की नोटरी केल्याने कुणी बाप ठरत नाही आणि रजिस्टरातली नोंदही बदलत नाही. नोटरी एवढंच सांगते की हा माणूस माझ्यासमोर आला आणि त्याने हे शपथेवर लिहून दिलं. दुरुस्ती जन्म-मृत्यू निबंधकाकडेच होते, १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली, आणि प्रतिज्ञापत्र त्या अर्जासोबतचा एक पुरावा असतो. लग्न झालेलं असेल तर लग्नाचा दाखला जोड, लग्नाच्या काळात जन्मलेलं मूल नवऱ्याचंच असं कायदा धरून चालतो, असंही त्या म्हणाल्या. वाद असेल तर मात्र कोर्ट. तो मुलगा त्यांच्याकडे पैसे न भरताच नगरपरिषदेकडे गेला. मला त्याच क्षणी या बाईंचा विश्वास वाटला.

आमचे दोन कागद ठरले. पहिला यांचं संमतीपत्र, दुसरा माझं आणि यांचं नावाबद्दलचं प्रतिज्ञापत्र: दाखल्यातली अमुक आणि पासपोर्टमधली तमुक ही एकच व्यक्ती आहे. दुसऱ्याला लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोडली. लग्नाचा दाखला नसेल तर आधी तो काढा, नुसत्या प्रतिज्ञापत्रापेक्षा तो कितीतरी भक्कम असतो. कायमचा उपाय हवा असेल तर नावबदल राजपत्रात छापून घ्यायचा, त्याचा अर्ज आता ऑनलाइन होतो.

स्टॅम्पपेपरचं सांगते. पूर्वी १०० रुपयांच्या स्टॅम्पवर होणारी अशी कामं ऑक्टोबर २०२४पासून ५०० वर गेली आहेत. शाळा किंवा सरकारी दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक माफ आहे, तिथे कुणी ५०० मागितले तर देऊ नका. आमचं काम परदेशी व्हिसाचं, म्हणून आम्ही स्टॅम्प घेतला. स्टॅम्प ज्याने लिहून द्यायचं त्याच्याच नावावर घ्यायचा, म्हणजे संमतीपत्राचा यांच्या नावावर. घेतल्यापासून सहा महिन्यांत तो वापरावा लागतो, तेव्हा घरात पडलेला जुना स्टॅम्प काढू नका.

संमतीपत्र इंग्रजीत केलं आणि बाईंनी यांना वाचून दाखवलं. त्यात मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, आम्हा दोघांचे पासपोर्ट क्रमांक आणि मुलीशी नातं, कुठल्या देशात, कुणाच्या घरी, त्यांचा पूर्ण पत्ता, खर्च कोण करणार, यांचा फोन आणि ईमेल, हे सगळं आलं. तारखांच्या बाबतीत बाईंनी एक गोष्ट शिकवली. मी तिकिटाच्या नेमक्या तारखा सांगत होते, त्यांनी पुढेमागे पंधरा-पंधरा दिवस धरून लिहायला लावलं. पुढे तिकीट चार दिवसांनी सरकलं तेव्हा नवा कागद करावा लागला नाही. व्हिसाच्या अर्जासाठी संमती आणि प्रत्यक्ष प्रवासासाठी संमती, दोन्ही शब्द एकाच कागदात घालून घ्या. मुलीचा फोटो लावून त्यावर अर्धा येईल असा गोल शिक्का मारला, प्रत्येक पानावर यांची सही आणि नोटरीची सही झाली. नोटरीची सनद पाच वर्षांची असते आणि बऱ्याच जणांच्या शिक्क्यात तिची मुदत छापलेली असते, ती वाचून बघा. टायपिंग धरून दोन्ही कागदांचे साडेसातशे रुपये झाले, स्टॅम्प वेगळे.

दुसऱ्या दिवशी होळी. गावात शिमगा म्हणजे पालखीची धावपळ, यांनाही कित्येक वर्षांनी शिमग्याला घरी राहायला मिळालं होतं. रात्री मी सहज ताईला कागदांचे फोटो पाठवले आणि अर्ध्या तासात तिचा फोन आला. मुलीच्या पासपोर्ट क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. मी, हे, टायपिंगवाला, सगळ्यांनी वाचलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शुक्रवारी धुळवडीची सुट्टी, शनिवार-रविवारी तहसील बंद म्हणून स्टॅम्पवाल्याचा भरवसा नाही, मंगळवारी यांचं विमान. माझे ते तीन दिवस फार वाईट गेले. पालखी दारात आली तेव्हा ओटी भरतानाही माझ्या डोक्यात तो क्रमांक होता.

सोमवारी पहिल्या एसटीने पुन्हा चिपळूण. बाईंनी खाडाखोड करून आद्याक्षरं टाकायला साफ नकार दिला. परदेशी माणसाला खाडाखोड दिसली की संशय येतो, म्हणाल्या. नवा स्टॅम्प, नवा कागद, रजिस्टरात नवी नोंद. या वेळी मी मोठ्याने क्रमांक वाचला आणि मुलीने पासपोर्टमध्ये बोट ठेवून एकेक आकडा पडताळला. तिथेच दोन मूळ प्रती करून घेतल्या. त्याच दिवशी यांनी मुलीच्या व्हिसा अर्जावरही सही करून ठेवली, कारण अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आमच्याकडे आईवडील दोघांच्या सह्या मागितल्या होत्या. बोटीवर गेलेल्या माणसाची शाईची सही कुठून आणणार? व्हिडिओ कॉलवर आपल्याकडे अशी नोटरी होत नाही. परदेशात असलेल्या पालकाला तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करावी लागते. बोट बंदरात एक रात्र थांबत असेल तर ते कसं जमणार?

पासपोर्टचं मात्र यात मिसळू नका. मुलाचा पासपोर्ट काढताना आईवडिलांच्या संमतीचं जे अनेक्शर डी लागतं, ते डिसेंबर २०१६पासून साध्या कागदावर स्वतःच्या सहीने चालतं, नोटरी लागत नाही. तरी अजून लोक त्याच्यासाठी स्टॅम्प घेताना दिसतात. वडिलांची संमती मिळणं शक्यच नसेल, म्हणजे विभक्त असाल किंवा एकट्या पालक असाल, तर अनेक्शर सी. आणि १ ऑक्टोबर २०२३ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, तेव्हा त्यांच्या आयांनी नाव आत्ताच नीट करून घ्यावं.

एप्रिलमध्ये रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला व्हिसा केंद्रात गेलो. मुलीसाठी ४५ युरो, माझे ९०, शिवाय केंद्राचं शुल्क. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. खिडकीवरच्या मुलीने संमतीपत्र उलटून शिक्का पाहिला, मग माझं नाव दाखल्याशी ताडलं आणि मान वर केली. मी न बोलता दुसरं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला पुढे केला. यांच्या पासपोर्टची आणि सीडीसीची, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तिकेची, झेरॉक्सही जोडली होती, म्हणजे वडील बरोबर का नाहीत ते कागदच सांगेल. मूळ संमतीपत्र त्यांनी ठेवून घेतलं. दुसरी मूळ प्रत होती म्हणून मी निश्चिंत होते.

तिथल्या बाकावर एक बाई भेटली, घटस्फोटित, मुलाचा ताबा तिच्याकडे. नवऱ्याची संमती कशी आणू म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्याकडे कोर्टाचा ताब्याचा आदेश होता, पण साधी झेरॉक्स. अशा वेळी आदेशाची कोर्टाने दिलेली प्रमाणित प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर लागतं. आदेशात ताबा कुणाला आणि परदेशी नेण्याबद्दल काय म्हटलंय ते आधी वकिलाकडून वाचून घ्यावं. वडील हयात नसतील तर मृत्यूदाखला. लग्नाशिवाय आई झालेल्या बाईलाही आता पालकत्वासाठी बापाचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. हे कुणा एकीला तरी उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

ताईच्या ओळखीच्यांनी अपोस्टिल, अपोस्टिल म्हणून मला घाबरवलं होतं. अपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर घेतलेला सरकारी शिक्का. महिन्याभराच्या भेटीला ते लागलं नाही. मुलाला घेऊन तिथे राहायलाच जात असाल, तर जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल करावा लागतो. तो आधी राज्य सरकारकडून साक्षांकित होतो, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. मंत्रालयाचं शुल्क कागदामागे फक्त ५० रुपये आहे, वरचे हजारो मध्यस्थाचे असतात. जर्मनीला जाणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी, कारण भारताचं अपोस्टिल जर्मनी मानत नाही.

मुंबई विमानतळावर कुणी काही विचारलं नाही. आम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले आणि मुलीचे वडील कुठे आहेत असं विचारलं. मी संमतीपत्र दिलं. त्याने ते पूर्ण वाचलं, तारखा पाहिल्या आणि मुलीला विचारलं, ही कोण? 'माय मदर,' ती म्हणाली, आणि तिने स्वतःहून सांगितलं की बाबा शिपवर आहेत. त्याने हसून शिक्के मारले. कागद हातातल्या पिशवीत होता म्हणून बरं, सामानात टाकला असता तर तिथे काय दाखवलं असतं?

परत आल्यावर शेजारच्या वहिनी संमतीपत्राचा मसुदा मागायला आल्या, त्यांचे हे ऑगस्टमध्ये जॉइन होणार होते. मी मसुदा दिला आणि आधी त्यांच्या मुलाचा जन्मदाखला घेऊन यायला सांगितलं. त्यातही आईचं नाव माहेरचंच निघालं.