मावशीची आंगवण

शेजारच्या मावशीचं हे पहिलं वर्ष. पावसाळ्याआधी ती गेली आणि नोव्हेंबर लागताच तिच्या घरात ठरलं, की यंदा सगळ्यांनी जुन्या गोव्याला चालत जायचं. मला कुणी विचारलं नाही, थेट सांगितलं, "तूय येवचा." आमचं घर माळकऱ्यांचं, आळंदी ते पंढरपूर मी चाललेलो आहे. म्हटलं, चला, सायबाचीही, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरांचीही, वारी होऊ दे.

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, कोलवाळ, म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदर असा साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता. संत फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर 3 डिसेंबर 1552 ला वारले, म्हणून त्या दिवशी फेस्त, म्हणजे त्यांचा सण, आणि त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना. सिंधुदुर्गातून, खानापूरकडून माणसं चालत येतात. पंढरीच्या वाटेवरची दिंड्यांची शिस्त इथे नाही. पुढे एक टेम्पो, त्यावर भोंगा, भोंग्यावर तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि कोंकणी गाणी. मागे आम्ही, कुणी चपलेत, कुणी अनवाणी. मावशी अनवाणीच जायची. मावशीचा धाकटा मुलगा दोन हजारांचे बूट घालून आला आणि बांद्याच्या पुढे त्यालाच पहिला फोड आला. त्याच्या बहिणीनं तेवढ्यात आईचा आवाज काढला, "बसलंस काय पाय गोठतले. उभ्यान पाणी पी."

पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 ला इथे पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर सीमा बंद झाली. मावशीचं माहेर बार्देशात. तिचं लग्न गोवा मुक्त झाल्यावरचं, त्यामुळे ती गंमतीत म्हणायची की नेहरूंनी सैन्य धाडलं ते तिच्या वऱ्हाडाला वाट करून द्यायला. ही थट्टा ती फादरांसमोरही करायची.

ती आयुष्य मोजायची ते शवप्रदर्शनांवर. साधारण दर दहा वर्षांनी सायबाचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बाझिलिकातून से कॅथेड्रलमध्ये नेऊन दर्शनाला ठेवतात. 1952 ला ती परकरातली पोर होती, वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं म्हणायची. 1964 च्या वेळी थोरला पोटात. काका बोटीवर स्वयंपाकी. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, गोंयकारांच्या सामायिक खोल्यांत, राहायचे, जिथे रात्री तेर्स चुकवलेला चालत नसे. त्या वर्षी त्यांचं पत्र येईना. मावशीनं आंगवण, म्हणजे नवस, केली, माणूस सुखरूप परतला तर दरवर्षी चालत येईन. काका नाताळाला घरी आले, अंगणात ट्रंक टेकवली आणि आधी चहा मागितला. पुढे 1974 ला शिलाईचं मशीन आलं होतं, 1984 ला मुलगी नोकरीला लागली, 1994 ला काका नव्हते. गेल्या खेपेला, 2024 ला, गुडघ्यांमुळे व्हीलचेअर. नातीनं ढकलत नेलं. इतकी माणसं आणि इतका वेळ रांगेत, पण तिची तक्रार एकच, खुर्ची फार हळू चालते.

काका गेल्यावर आंगवण संपली असं एका नातलगानं सुचवलं होतं. तेव्हा मावशी म्हणाली, "सायब बरो, पण इसराळू आसा. दरवर्सा जावन आठवण करूची लागता." आठवण कशाची, ते पाहिलं तर यादी लांबलचक असायची. मुलाची नोकरी, वाड्यातल्या कुणाचं बाळंतपण, आमच्या म्हशीचं दूध. तिच्या नावाचं त्यात काही नसायचं असं मात्र नाही. कोंबड्या होत्या.

कोलवाळच्या अलीकडे एका चॅपेलच्या व्हरांड्यात रात्र काढली. उकड्या तांदळाची पेज आणि किसमूर. सुक्या बांगड्याची किसमूर मावशी करायची तेव्हा खोबरं हातानं चुरायची, चमचा लावला की चव जाते म्हणून भांडायची. सुनेनं तशीच हातानं केली होती. थोरल्यानं तीनदा घेतली आणि मम्माच्या हातची ही नव्हे, असंही सांगून टाकलं. सून काही बोलली नाही, पण चौथ्यांदा वाढलं नाही.

पर्वरीला उड्डाणपुलाची धूळ खाल्ली. पणजीहून रायबंदरला जाणारा बांध 1634 चा, तीनेक किलोमीटर सरळ, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. इथे भोंगा बंद केला होता आणि आधी कधी न ऐकलेल्या गोष्टी मला इथेच ऐकायला मिळाल्या. धाकटा कित्येक वर्षं चर्चच्या मिसेला जात नव्हता. मावशी त्याला एकदाही रागावली नाही, फक्त रविवारी त्याचाच शर्ट आधी इस्त्री करून ठेवायची.

बाझिलिकात पोचलो. टस्कनीच्या ड्यूकनं दिलेला संगमरवरी चौथरा, वर चांदीची पेटी, खाली गर्दी. बाहेर जत्रेत खाजें, चणे आणि मेणाचे अवयव. ज्याचं जे दुखतं तो अवयव घेऊन सायबाला वाहायचा. मावशी एकदा दोन पाय घेऊन गेली होती, एक तिचा, एक माझ्या आईचा. आईचा गुडघा काही त्यानं सुधारला नाही, शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगला मिळाला तो सायबामुळे, हा मावशीचा निकाल, आणि आईनंही तो मान्य केला होता.

म्हणून मी मेणाच्या दुकानापुढून घरी फोन लावला. तुझ्यासाठी पाय घेऊ का?

"पाय नको," आई म्हणाली. "दुसरो अजून बरो आसा. मेणबत्ती लाव, मोठी. आणि खाजें आण, पण ताजा बघून घे, गेल्या खेपेक मावशीन आणलेला तसला."

ताज्या खाज्याचं दुकान धाकट्याला माहीत होतं.