तुम्ही विचारलंत म्हणून : वरच्या वजनगटात जावे का?

सांगलीत मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो आणि नव्याने येणारे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, याला चांगला खुराक दिला, पाच-सहा किलो वजन वाढवले आणि वरच्या गटात मोठ्या गड्याशी लढवले, तर बिघडले कुठे?’ प्रश्न आपल्या मातीतलाच आहे. यात्रेच्या मैदानात जोड नजरेने लावतात, तिथे वजनकाटा कोणी आणत नाही. महाराष्ट्र केसरीच्या किताबी गटात तर 86 किलोचा मल्ल 125 किलोच्या मल्लासमोर उभा राहू शकतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीला एक गट वर, बँटमवेटमध्ये, कांस्यपदक मिळवून परतले. तेव्हा वर जाणे म्हणजे पुढे जाणे, असे पालकांना वाटले तर नवल नाही.

परंतु कुस्तीत मोठ्या गड्याचे वजन डावात घेऊन त्याच्यावरच उलटवता येते. बॉक्सिंगमध्ये ते ठोशातून थेट आपल्या जबड्यावर येते. शिवाय खुराकाने मांड्या आणि छाती भरते, हाताची लांबी वाढत नाही. त्यामुळे खालच्या गटात नेमका बसणारा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, इथे चार बोटे कमी पडतो, ते अंतर तोडायला आत शिरावे लागते आणि आत शिरताना समोरच्याचा अपरकट, म्हणजे खालून हनुवटीवर येणारा ठोसा, तयारच असतो. त्यातून वाचून जवळ पोहोचलेच, तर क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठी घालून धरतात तेव्हा, तो मानेवर आणि खांद्यांवर आपला सगळा भार टाकून निवांत टेकतो. ठोसे मोजणाऱ्या प्रेक्षकाला हे टेकणे दिसतही नाही. पण तिसऱ्या राउंडला लहान गड्याच्या पोटऱ्या भरून येतात आणि गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारे हात, खाली येतो, तो बहुतेक वेळा याच ओझ्यामुळे.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये 2016 साली केल ब्रूक हा 147 पौंडांच्या गटाचा विजेता 160 पौंडांच्या गटातल्या गोलोव्किनसमोर गेला. त्याने सुरुवात झकास केली, पण डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या राउंडला त्याच्याच कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली. याउलट सप्टेंबर 2025 मध्ये टेरेन्स क्रॉफर्डने 154 वरून थेट 168 पौंडांवर जाऊन कानेलो अल्वारेझला गुणांवर हरवले. वजन त्यानेही वाढवले होते, परंतु ताकदीला ताकद लावत तो समोर उभा राहिला नाही. ठोसे मारून तो जागेवरून हललेला असे, आणि बाराही राउंड त्याचे पाय तसेच चालत राहिले. माझ्या मते वर जाण्याचा निर्णय दंड पाहून नव्हे, पाय पाहून घ्यावा.

कधी कधी निवडीला वावच नसतो. मेरी कोमने 2010 चे जागतिक सुवर्ण 48 किलोत जिंकले, पण 2012 च्या ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट 51 किलोचा होता. त्या तिथे गेल्या आणि आपल्याहून थोराड मुलींमधून कांस्यपदक घेऊन आल्या. लवलीना बोरगोहाईनचा 69 किलोचा गट पॅरिसच्या ऑलिंपिकमधून वगळला गेला, म्हणून ती 75 किलोत गेली आणि 2023 साली त्या गटात जगज्जेती झाली. आपल्या मुलांपैकी ज्याची उंची वाढते आहे आणि जो प्रत्येक स्पर्धेआधी उपाशी राहून, पाणी तोडून काट्यावर चढतो, त्याने तर वर जावेच. तिथे शरीर आधीच वरच्या गटात पोहोचलेले असते.

पालकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे परतीची वाट. व्यावसायिक बॉक्सर रॉय जोन्सने 2003 साली आपल्याहून सुमारे 15 किलो जड असलेल्या जॉन रुइझला हरवून हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड गटाचा, किताब घेतला, मग कमावलेले वजन उतरवून तो 175 पौंडांवर परतला. पहिली लढत कशीबशी जिंकला आणि 2004 साली दुसऱ्याच राउंडला पडला. दोष एकट्या वजनाचा म्हणता येणार नाही, वयही पस्तिशीचे होते. तरी स्नायू उतरवताना दम आणि चपळाई शाबूत ठेवणे महाकठीण असते, हे जाणकार मान्य करतात.

म्हणून मी पालकांना सांगतो, की काही महिने मुलाला आहे त्याच वजनावर जड मुलांबरोबर स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, करू द्या. शेवटच्या राउंडलाही त्याचा जॅब पोहोचत असेल आणि क्लिंचमधून तो स्वतःहून सुटत असेल, तर वरच्या गटाचे पाहू. तोवर दूध-बदाम नेहमीइतकेच असू द्या.